जुन्या धाटणीचं मनगटी घड्याळ घरी जुळवताना: सुट्या भागांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे गृहीत धरलेलं घड्याळ साधं आहे: तीन काटे, तारीख नाही, ३६ ते ३८ मि.मी.ची केस (घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच), फुगीर काच, चामड्याचा पट्टा. १९५०-६० च्या दशकातली घड्याळं जशी दिसत तसं. क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) किंवा ऑटोमॅटिक कॅलेंडर हा पहिला प्रकल्प म्हणून घेऊ नये, म्हणून त्यांची चर्चा इथे नाही.

सुरुवात कुठल्या भागापासून करायची?

मशीनपासून, म्हणजे काटे फिरवणाऱ्या आतल्या यंत्रणेपासून. दुसरं उत्तर नाही. बहुतेक जण आधी डायलच्या प्रेमात पडतात, ती मागवतात आणि मग तिला बसेल असं मशीन शोधत बसतात. डायलचे पाय (तिच्या मागचे दोन बारीक खिळे) कुठे असावेत, काट्यांची भोकं किती मोठी हवीत, स्टेमचे (किल्लीचं बोंड, म्हणजे क्राउन, मशीनला जोडणाऱ्या दांडीचे) आटे कोणते, केस किती खोल हवी, हे सगळं मशीनच ठरवतं. क्रम असा ठेवा: मशीन, मग त्याच मशीनसाठी बनवलेली केस, मग डायल आणि सगळ्यात शेवटी काटे. काटे शेवटी, कारण त्यांची लांबी डायल हातात आल्यावरच नीट मोजता येते.

पहिल्यांदा कोणतं मशीन घ्यावं?

सेइकोचं (Seiko) एनएच३८. व्यास २७.४ मि.मी., जाडी ५.३२ मि.मी., २४ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), तासाला २१,६०० ठोके, पूर्ण किल्लीवर साधारण ४१ तास. ते ऑटोमॅटिक आहे, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप किल्ली भरते; हातानेही किल्ली देता येते आणि क्राउन ओढल्यावर सेकंद काटा थांबतो. याचं तारखेचं भावंड म्हणजे एनएच३५. ते जास्त सहज मिळतं, पण तारीख नसलेल्या डायलखाली ते बसवलं तर क्राउन ओढताना मधे तारखेचा एक रिकामा टप्पा लागतो. चालायला काही बिघडत नाही, पण दर वेळी हाताला खटकतं.

घड्याळ बारीक हवं असेल तर मियोटाचं ९०३९ बघा. जाडी फक्त ३.९ मि.मी., तासाला २८,८०० ठोके, त्यामुळे काटा जास्त सलग सरकतो. त्याचा रोटर (किल्ली भरणारं फिरतं वजन) एकाच दिशेला किल्ली भरतो आणि दुसऱ्या दिशेला मोकळा गरगरतो. त्याचा आवाज मनगटावर येतो, तो बिघाड नाही.

सहाच्या जागी छोटा सेकंद काटा आणि हाताची किल्ली हवी असेल तर युनिटास ६४९८ किंवा त्यावर बेतलेलं चिनी सीगल एसटी३६ कुटुंबातलं मशीन. हे मूळचं खिशातल्या घड्याळाचं, ३६.६ मि.मी. व्यासाचं. भाग मोठे, त्यामुळे शिकायला फार चांगलं; पण केस सहसा ४१ ते ४४ मि.मी.ची लागते. जुन्या काळातल्या नाजूक घड्याळाचा भास त्यात येणार नाही. ६४९७ मध्ये छोटा सेकंद काटा नऊच्या जागी येतो, सहाच्या नाही. मागवताना हा एक आकडा चुकला तर डायल वाया जाते.

एचएमटीचं जुनं मशीन वापरलं तर?

वापरा, आणि मनापासून वापरा. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनतासारख्या मॉडेलमधलं हाताच्या किल्लीचं १७ ज्वेलचं मशीन दणकट आहे आणि दुरुस्तीला सोपं आहे. एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तरी पडीक घड्याळांमधून सुटे भाग अजून निघतात आणि जुन्या घड्याळजींचा हात त्यावर बसलेला आहे.

अडचण केसची आहे. एचएमटीच्या मशीनला नव्या बाजारातल्या केस बसत नाहीत. म्हणजे केसही एचएमटीचीच, डायलही आणि काटेही. त्यामुळे हा मार्ग जुळवणीपेक्षा दोन-तीन मोडक्या घड्याळांतून एक चांगलं उभं करण्याचा आहे. जुन्या केस बहुधा पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेल्या असतात. घामाने, विशेषतः किनारपट्टीवर, कानांच्या (पट्टा अडकवायच्या केसच्या टोकांच्या) खालच्या बाजूला मुलामा फोडांसारखा उठतो. वरून चकचकीत दिसली तरी केस उलटी करून बघितल्याशिवाय घेऊ नका.

जुन्या बाजारात मशीन कसं तपासायचं?

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट आहे. दोन्ही ठिकाणी डब्यात ढीग घालून घड्याळं ठेवलेली असतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी टॉर्च जवळ ठेवा. आधी किल्ली फिरवा. हाताला एकसारखा, हळूहळू वाढत जाणारा ताण लागला पाहिजे. फिरतच राहिली तर स्प्रिंग तुटलेली असते. सुरुवातीपासूनच घट्ट असेल आणि मशीन बंद असेल तर बहुधा तेल वाळलेलं असतं. हा दोष दुरुस्त होतो, त्याला घाबरू नका.

मग मागचं झाकण उघडून घ्या. बॅलन्स चाक (मागे-पुढे डोलून मशीनची गती राखणारं) हे खरं तपासायचं. मशीन आडवं धरून मनगटाने हलकेच गर्रकन फिरवा. चाक काही सेकंद मोकळेपणाने डोलायला हवं. डोलताना ते बशीसारखं कलत असेल किंवा बाजूला सरकत असेल तर त्याचा आस मोडलेला आहे. तसं मशीन फक्त सुट्या भागांच्या भावात घ्या. हेअरस्प्रिंगची (बॅलन्स चाकावरच्या बारीक स्प्रिंगची) वेटोळी एकमेकांपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजेत.

स्क्रूंच्या खाचा बघा. कडा फाटलेल्या असतील तर चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने कोणीतरी आत हात घालून गेलेलं आहे. शेवटी स्टेमच्या आसपास तपकिरी डाग आहेत का बघा, कारण पाणी सगळ्यात आधी तिथून शिरतं. तिथे गंज असेल तर डायलखालच्या चाकांनाही असतोच.

डायल मूळची की पुन्हा रंगवलेली, कसं ओळखायचं?

मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा भिंगातून बघा. कारखान्यातल्या डायलवर बाराच्या खुणेच्या मधोमध मिनिटाची रेघ येते. रंगवलेल्या डायलवर ती केसभर सरकलेली असते, आणि ही चूक कधी बाराला, कधी चारला सापडते. अक्षरांच्या कडा पसरट असतात. डायल उलटी करता आली तर पायांवर रंगाचे शिंतोडे दिसतात. भडक केशरी, पोपटी, गुलाबी रंगांत जी जुनी एचएमटी आज विकली जातात, त्यांतल्या बहुतेकांच्या डायल नंतर रंगवलेल्या आहेत. वापरायला हरकत नाही, फक्त मूळ डायलचा भाव देऊ नका. देवनागरी आकड्यांच्या डायलला मागणी जास्त, म्हणून तिथे जास्त डोळसपणे बघा.

केस किती मोठी घ्यावी?

१९५०-६० च्या पुरुषी घड्याळांचा व्यास साधारण ३३ ते ३६ मि.मी. असे. आजच्या डोळ्याला ३६ ते ३८ बरोबर वाटतो. पण व्यासापेक्षा एका कानाच्या टोकापासून दुसऱ्या कानाच्या टोकापर्यंतची लांबी महत्त्वाची. ती ४६ मि.मी.च्या आत असली की मध्यम मनगटावर घड्याळ नीट बसतं. पट्ट्याची रुंदी १८ मि.मी. घ्या, २० घेतली की घड्याळ लगेच आजच्या काळातलं वाटायला लागतं. एनएच३८ जाड असल्याने फुगीर काचेसकट पूर्ण घड्याळ ११-१२ मि.मी. जाड होतं, हे आधीच मान्य करून घ्या. केससोबत मशीन धरून ठेवणारी कडी येते का, हे विचारा. ती नसेल तर मशीन आत हलत राहतं.

डायलचे पाय मशीनला जुळत नाहीत. काय करायचं?

आधी हे बघा की डायल कुठल्या क्राउनसाठी आहे. एनएच मशीनच्या डायल दोन प्रकारच्या मिळतात: क्राउन तीनच्या जागी असलेल्या आणि क्राउन चारच्या आसपास असलेल्या, डायव्हर (पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या) घड्याळांसारख्या. पायांची जागा दोन्हीत वेगळी. जुन्या धाटणीसाठी तीनवालीच हवी.

तरीही जुळत नसेल तर पाय कापून, घासून सपाट करून डायल चिकट ठिपक्यांवर बसवता येते. पाय पक्कडीने पिरगाळू नका. पुढच्या बाजूला मुलाम्यावर उठाव येतो आणि तो जात नाही. फ्लश कटरने (पृष्ठभागालगत सपाट कापणाऱ्या पक्कडीने) मुळाशी कापा, मग बारीक कानशीने घासा. ठिपके मशीनच्या कडेच्या स्थिर भागावर लावा, फिरणाऱ्या चाकावर नाही. सुपर ग्लू अजिबात नको, कारण त्याची वाफ डायलवर पांढरा धूसर थर सोडते.

काटे घेताना कोणते आकडे बघायचे?

तीन भोकं, तीन लांब्या. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून नीट वाचा.

एनएच मशीनला तास काट्याचं भोक १.५० मि.मी., मिनिट काट्याचं ०.९०, सेकंद काट्याचं ०.२०. स्वित्झर्लंडच्या ईटीए २८२४ ला १.५०, ०.९० आणि ०.२५. पहिले दोन आकडे सारखे, म्हणून लोक २८२४ चा संच एनएचवर लावतात. तास आणि मिनिट छान बसतात; सेकंद काटा मात्र ०.०५ मि.मी.ने सैल राहतो आणि पहिल्या धक्क्याला निसटून काचेखाली पडतो. मियोटाला मिनिट काटा १.०० लागतो. एनएचचा ०.९० चा काटा त्यावर दाबून बसवायला गेलात की नळी चिरते. ६४९८ ला तास २.०० आणि मिनिट १.१५, तिथे बाकी कुठलाच संच चालत नाही.

लांबी डायलवरून मोजा. डायलच्या मध्यापासून मिनिटांच्या पट्टीपर्यंतचं अंतर कॅलिपरने घ्या. मिनिट काट्याचं टोक त्या पट्टीला स्पर्श करायला हवं, आत राहता कामा नये. तास काटा तासांच्या खुणांच्या आतल्या कडेपाशी थांबावा. बाजारातले बरेच काटे मोठ्या डायव्हर डायलसाठी बनवलेले असतात आणि छोट्या डायलवर आखूड किंवा लांब पडतात. घड्याळ ‘काहीतरी चुकल्यासारखं’ दिसतं ते बहुतेक वेळा आखूड मिनिट काट्यामुळे.

सेकंद काट्याचा जास्तीचा एक तरी नग मागवाच. त्याचा आस ०.२० मि.मी.चा, म्हणजे डोक्याचे तीन केस शेजारी ठेवल्यावर जेवढी जाडी होईल तेवढा. दोन-तीनदा काढला-घातला की नळी सैल होते.

काटे घरी निळे करता येतात का?

पोलादाचे असतील तर येतात. आधी चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर काटा पितळेचा आहे, तो तापवून निळा होणार नाही. बाजारातले स्वस्त निळे काटे बहुतेक रंगवलेले असतात.

पोलादी काटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोटाने शिवू नका, ठशाच्या जागी डाग उमटतो. पितळेचा कीस एका छोट्या पत्र्याच्या ताटलीत पसरा, काटा त्यावर सपाट ठेवा आणि खालून स्पिरिटचा दिवा लावा. थोडा वेळ काहीच होत नाही. मग काट्यावर गवती पिवळा रंग चढतो, तो तपकिरी होतो, वांग्यासारखा जांभळा होतो आणि ३०० अंश सेल्सियसच्या आसपास मोरपंखी निळा. जांभळ्यापासून निळ्यापर्यंत क्षणांचाच वेळ असतो. निळा दिसताक्षणी चिमट्याने उचलून थंड लोखंडी ठोकळ्यावर ठेवा. उशीर झाला तर रंग फिकट राखाडी होतो. मग घासून पुन्हा सुरुवात. टोक बारीक असल्याने ते आधी तापतं, म्हणून ताटलीत जाड मधला भाग ज्योतीच्या बरोबर वर ठेवा.

अंधारात चमकणारे जुने काटे आणि डायल वापरावेत का?

आपल्याकडे चमकणाऱ्या कुठल्याही वस्तूला ‘रेडियम’ म्हणतात, म्हणून इथे नीट समजून घ्या. आज मिळणाऱ्या काट्यांवरचा लेप स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा असतो, तो किरणोत्सर्गी नाही. पण १९६० च्या आधीच्या परदेशी डायलवर खरंच रेडियम असू शकतं. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नाही. चमकणारं रसायन थकलेलं असतं, रेडियम-२२६ चा अर्धा भाग उरायला तब्बल १६०० वर्षं लागतात. असा लेप खरवडू नका, तोंडाने फुंकू नका. तपकिरी, भुगा पडणारा लेप दिसला तर डायल पिशवीत बंद करा आणि दुसरी शोधा. जुना पिवळसर रंग हवा असेल तर त्याच रंगाचा नवा लेप लावलेले काटे मिळतात.

स्टेम किती कापायचा?

नव्या मशीनसोबत स्टेम मुद्दाम लांब येतो. एनएच मशीनला आट्यांचा आकार ०.९० मि.मी., ज्याला टॅप १० म्हणतात. क्राउन त्याच आट्यांचा हवा. ६४९८ ला तो १.२० मि.मी.

मशीन केसमध्ये बसवा, क्राउन पूर्ण फिरवून लांब स्टेम आत ढकला आणि क्राउन व केस यांच्यातली फट मोजा. जेवढी फट तेवढा एकदम कापू नका, त्यापेक्षा ०.३ मि.मी. कमी कापा. उरलेलं कानशीने, दर वेळी बसवून बघत. कापायचं ते आट्यांच्या टोकाकडून, आणि कापल्यावर टोकावर उठलेली धारदार कड घासून काढा, नाहीतर क्राउनचे आतले आटे खराब होतात.

लांब राहिला तर क्राउन केसपासून दूर राहतो आणि पाणी-धूळ आत जाते. आखूड झाला तर क्राउन आधी केसला टेकतो, स्टेम आतल्या टप्प्यापर्यंत पोचत नाही आणि सेकंद काटा थांबूनच राहतो. मशीन बिघडलं असं समजून लोक ते परत पाठवतात. दोष अर्ध्या मिलिमीटरचा असतो. स्टेमचे दोन नग घ्या.

स्टेम काढताना एनएचमध्ये छोटा खळगा हलकेच दाबायचा असतो. क्राउन कुठल्या टप्प्यावर असावा ते मशीनच्या तांत्रिक पत्रकात दाखवलेलं आहे. ६४९८ मध्ये स्क्रू असतो. तो एक-दीड फेराच सैल करा. पूर्ण काढलात तर आतली पट्टी सुटते आणि ती परत बसवायला डायल उतरवावी लागते.

काच कोणती?

ॲक्रिलिकची, फुगीर. खनिज काच किंवा सफायरमध्ये (कृत्रिम नीलमाच्या काचेत) कडेला तो जुना वाकलेला उजेड येत नाही. ॲक्रिलिक काच ०.१ मि.मी.च्या टप्प्यांत मिळते. केसच्या खाचेचा व्यास मोजा आणि कडी नसलेली काच ०.१ ते ०.२ मि.मी. मोठी घ्या, ती आकुंचवून आत सोडली की स्वतःच्या ताणाने घट्ट बसते. ओरखडे पॉलिवॉच पेस्टने पाच मिनिटांत जातात. आत किती जागा आहे ते बघा: सेकंद काटा काचेच्या पोटाला टेकला तर घड्याळ पालथं ठेवल्यावर थांबतं.

नवे भाग मागवायचे कुठून?

भारतात अलीएक्सप्रेस नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे, त्यामुळे परदेशी व्हिडिओंत सांगितलेले बरेच दुवे इथून चालत नाहीत. ईबे आणि एनएच भागांवर चालणारी छोटी परदेशी दुकानं हा मार्ग उरतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांना एस्लिंगर, ऑटो फ्राय आणि कझिन्स ही घड्याळजींची दुकानं जवळची.

परदेशातून येणाऱ्या पार्सलवर सीमाशुल्क आणि आयजीएसटी लागतो आणि कुरियर ओळखपत्र मागतो. विक्रेत्याला किंमत कमी लिहायला सांगू नका; पार्सल अडकलं की खरं बिल दाखवावंच लागतं. मशीन, केस, डायल शक्यतो एकाच दुकानातून एकाच पार्सलमध्ये मागवा; काटे डायल मोजल्यावर त्याच दुकानातून. दुकान एकच असलं की ‘हे याला बसत नाही’ ही जबाबदारीही एकाचीच राहते.

किमान हत्यारं कोणती?

डिजिटल कॅलिपर, डोळ्याला लावायचं भिंग, ०.८ ते १.६ मि.मी.चे स्क्रूड्रायव्हर, दोन चिमटे (एक पितळेचा), काटे दाबायचं आणि काढायचं हत्यार, मशीनचा स्टँड, हवेचा रबरी फुगा, बोटांच्या रबरी टोप्या, रोडिको (धूळ-तेल टिपणारी मऊ पुट्टी), बारीक कानस. स्क्रूड्रायव्हर स्वस्तातले घेतले तरी चालतील, पण धार लावून घ्या. काटे दाबायचं हत्यार आणि चिमटे मात्र चांगलेच.

काटे बसवल्यावर घड्याळ थांबतं किंवा पळतं. कारण?

रोज ठरावीक वेळीच थांबत असेल तर काटे एकमेकांना घासतात. काटे बाराला एकावर एक आणून बसवा, मग बारा तास हाताने फिरवून तीन, सहा आणि नऊला आडवं बघा. प्रत्येक दोन काट्यांमधून कागदाची पट्टी मोकळी जायला हवी.

एका दिवसात काही मिनिटं पुढे जात असेल तर हेअरस्प्रिंग चुंबकीय झालेली असते. डीमॅग्नेटायझरवरून (चुंबकत्व काढणाऱ्या उपकरणावरून) एकदा फिरवा. तरी फरक नसेल तर वेटोळ्यांना तेल लागून ती चिकटली आहेत. एनएच मशीनसाठी कंपनीच दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद मान्य करते, त्यामुळे दहा-पंधरा सेकंदांसाठी नियामक (वेग कमी-जास्त करणारी पट्टी) छेडू नका. टाइमग्राफर (ठोके ऐकून वेळेची चूक मोजणारं यंत्र) वापरत असाल तर त्यात भरायचा मशीनचा कोन, म्हणजे लिफ्ट अँगल, एनएचसाठी ५३ अंश, ६४९७-१ व ६४९८-१ साठी ४४. चुकीचा भरला तर दोलनाचा आकडाच खोटा येतो.

काचेच्या आत धुकं येतं.

पावसाळ्यात बंद केलेल्या घड्याळाला हमखास येतं. जून ते सप्टेंबर मागचं झाकण एसी चालू असलेल्या कोरड्या खोलीतच लावा. उघडं घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी बंद करा. झाकणाच्या गॅस्केटला (रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. आणि एवढं करूनही ॲक्रिलिक काचेचं घरी जुळवलेलं घड्याळ पाण्यात नेण्यासाठी नाही.

डायलवर मोठ्या स्विस कंपनीचं नाव असलं तर चालेल का?

नाही. ते नक्कल घड्याळ होतं आणि विकलंत तर गुन्हा. कोरी डायल घ्या किंवा स्वतःचं नाव पॅड प्रिंटिंगने छापून घ्या.

पट्टा?

वनस्पतींनी कमावलेलं चामडं, दोन मि.मी. जाडीच्या आसपास, १८ वरून बकलपाशी १६ पर्यंत निमुळतं. धारावीत मापावर पट्टा शिवून देणारे कारागीर आहेत. जाताना केस सोबत न्या आणि कानांमधल्या पिनेची जाडी दाखवा. जुन्या केसमध्ये पिन आणि केस यांच्यातली जागा इतकी कमी असते की दुमडलेलं चामडं तिथे दोन ऐवजी दीड मि.मी.पर्यंत तासून घ्यावं लागतं.